मीटर बंद असलेला कॅमेरा

लग्नांचे फोटो काढणाऱ्या त्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. स्टुडिओ मुळात नवऱ्याचा. पण त्याला दुकानात बसणं आवडे आणि यांना माणसांत मिसळणं, म्हणून कॅमेरा यांच्याकडे आला. एकेका लग्नात त्या हजारांनी फोटो काढत. एकदा एक मुलगी लग्नाचा अल्बम न्यायला आली, तर वहिनींनी तिला ओळखलंच नाही. दिवसभर जिच्यावर कॅमेरा रोखला, तिचाच चेहरा आठवेना! ते त्यांच्या मनाला लागलं. क्लिक करण्याआधी थांबायला लावेल असा, रोलचा जुना कॅमेरा घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात पहिल्यांदा नजरेत भरला तो छोटा, चकचकीत. पण चष्म्यातून बघताना चौकटीचे कोपरे दिसेनात. दुसरा हलका, मात्र बॅटरीशिवाय ढिम्म. तिसरा एका कोपऱ्याला चेपलेला, वजनाला वरवंटा. वहिनींनी त्याचं मागचं झाकण उघडलं, शटर उडवून आवाज ऐकला, टॉर्च मारून भिंगात बुरशी नाही ना ते पाहिलं. डोळा लावला, तर समोरचं सगळं लख्ख.

"याचा उजेड मोजायचा मीटर बंद आहे हं," दुकानदार म्हणाला.

"असू दे. उजेड मला कळतो."

पहिला रोल धुऊन आला, तर निम्मे फोटो काळेकुट्ट.

"मेल्याने खराब कॅमेरा गळ्यात मारला," वहिनी चिडल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या.

वहिनींना ते झोंबलं, पण पटलंही. इतकी वर्षं फोटो काढायचा, मागच्या स्क्रीनवर बघायचं आणि चूक सुधारायची, एवढंच चाललं होतं. मग त्यांनी सवय लावून घेतली: उजेडाचा आधी अंदाज करायचा, मग मोबाईलवर मोजून बघायचा. अंदाज जमू लागल्यावर सासूबाईंना खिडकीशी बसवलं.

"दाखव बघू," क्लिक होताच सासूबाई म्हणाल्या.

"लगेच नाही दिसत, आई. रोल संपल्यावर."

"आणि मी डोळे मिटले असले तर?"

"नाही मिटले. मी बघत होते ना."

लग्नांना वहिनी अजून डिजिटलच नेतात. फोटो मात्र कमी काढतात.

सासूबाईंच्या फोटोत डोळे खरंच उघडे निघाले. तोंडही उघडंच होतं. "हा कुणाला दाखवलास तर याद राख," त्यांनी बजावलं. वहिनींनी तो मोठा करून स्टुडिओत लावला. सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला, मग शेजारणीला घेऊन स्वतःच बघायला आल्या.