लंकाबाईचा पेला आणि साखळीचा ग्लास

लंकाबाई भिंगारदिवे बसत नाही. श्रीगोंद्याच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ती आली की मी स्टूल पुढे सरकवतो आणि ते तसंच रिकामं राहतं. ती दारात उभी राहून बोलते, बोलता बोलता काउंटरवरची धूळ पदरानं पुसते, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते. पिशवीत डबा, चष्मा, आधारकार्ड आणि परवापरवापर्यंत एक स्टीलचा पेला. वय अठ्ठावन्न. दौंड रस्त्यावर जे खासगी विद्यापीठ झालंय, तिथं ती अकरा वर्षं फरशा आणि संडास साफ करते. तिच्याबरोबर आणखी तेरा बाया आहेत, सगळ्या ठेकेदाराच्या.

त्या पेल्याची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

लंकाबाईचं माहेर जामखेडकडं. आईबरोबर ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तहान लागली की विहिरीवर जाऊन ओंजळ धरायची आणि मालकाच्या घरचं कुणीतरी वरून, हातभर अंतर ठेवून पाणी ओतायचं. अर्धं तोंडात, अर्धं अंगावर. बारा वर्षांची पोर. झंपर भिजायचा आणि मालकाची पोरं बघत उभी राहायची. एक दिवस तिनं दुपारभर पाणीच घेतलं नाही आणि सऱ्यांत चक्कर येऊन पडली. तिच्या आईनं, भिमाबाईनं, पुढच्या बाजारी जामखेडला जाऊन पेला घेतला. पोरीला म्हणाली, "हा खाली दगडावर ठेवायचा आन् लांब हुभं ऱ्हायाचं. ज्याला वताचंय त्यो वाकंल."

लग्नात हाच पेला भांडेवाल्याकडून नाव घालून तिच्याबरोबर पाठवला. 'भिमाबाईकडून चि. लंका हिस'. अक्षरं आता घासून पुसट झालीत, पण उजेडात तिरपा धरला की वाचता येतात. लंकाबाई दुसऱ्याच्या भांड्यानं पाणी प्यायची नाही. माझ्या दुकानातल्या माठाचंसुद्धा ती स्वतःच्या पेल्यात घ्यायची. आमच्याच वस्तीतल्या कुणाच्या घरीही तसंच. तिला कुणी लांब ठेवलं होतं म्हणून नाही. तिनं जगाला अंतरावर ठेवलं होतं.

तर गेल्या वर्षी विद्यापीठात समावेशनाचं वारं शिरलं. मूल्यांकनाची समिती येणार होती. समितीला दाखवायला धोरण लागतं, कक्ष लागतो, प्रशिक्षणाचे फोटो लागतात. 'समान संधी व समावेशन धोरण' नावाची गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघाली आणि समान संधी कक्षावर रेश्मा मॅडमना नेमलं. रेश्मा मॅडम समाजशास्त्र शिकवतात. वय तिशीचं, स्कूटीवर येतात, मनानं वाईट बाई नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे माझा तोल जाईल.

प्रशिक्षणाला पुण्याहून बाई आल्या होत्या. सभागृहात प्राध्यापक, क्लार्क आणि या चौदा बाया, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. बाई माइकवरून सांगणार, तसं पुढे-मागे व्हायचं. "ज्यांच्या घरात लहानपणी पुस्तकांचं कपाट होतं, त्यांनी एक पाऊल पुढे. ज्यांना आडनाव सांगताना कधी थांबावंसं वाटलं, त्यांनी एक पाऊल मागे." वीस प्रश्नांत प्राध्यापक स्टेजला टेकले आणि बाया मागच्या भिंतीला. पुण्याच्या बाईंचा आवाज भरून आला. "मागे वळून बघा," त्या पुढच्यांना म्हणाल्या, "या भगिनी कुठे आहेत ते बघा. भगिनींनो, तुम्हाला तिथे उभं राहून काय वाटतंय?"

मग लंकाबाई म्हणाली, "काय वाटायचंय मॅडम. सकाळी हीच फरशी पुसत पुसत हितंच आल्तो आमी. फरशी पुसताना मागंच यावं लागतं, न्हाईतर पाय उठत्यात."

बाया हसल्या. क्लार्क हसले. पुण्याच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

चहाच्या सुट्टीत लंकाबाई ग्रंथालयासमोरच्या कूलरवर गेली. हा मोठा स्टीलचा कूलर आहे, त्याला साखळीनं ग्लास बांधलेला. विद्यार्थी, सर, बाया, सगळे तिथलंच पाणी पितात. अकरा वर्षांत कुणी अडवलं नव्हतं. लंकाबाईनं सवयीनं पिशवीतून पेला काढला, भरला आणि प्यायली. फोटोवाल्यानं टिपलं. पुण्याच्या बाईंनी विचारलं, "मावशी, तुम्ही वेगळा ग्लास का आणता?"

"सवय हाय," लंकाबाई म्हणाली.

झालं. तेवढ्यावर त्यांची खात्री पटली. पुस्तिकेत पान अकरावर लंकाबाईचा पेला तोंडाला लावलेला फोटो आला. खाली ओळ: 'आजही वेगळ्या भांड्यातून पाणी पिण्यास भाग पडणारी आपली सहकारी'. आणि बारा नंबरच्या पानावर उपाय होता. जिन्याखाली संडासाला लागून फिनेलची खोली होती. ती रिकामी करून जांभळट रंग दिला, आत छोटा कूलर बसवला, चौदा नवे ग्लास आणले, प्रत्येकावर एकेकीचं नाव घातलं, दारावर पाटी लावली: 'सन्मान कक्ष'. पाठोपाठ परिपत्रक निघालं. स्वच्छता सेविकांसाठी स्वतंत्र सोय झाली असून ग्रंथालयासमोरील कूलर यापुढे विद्यार्थी व कर्मचाऱ्यांनी वापरावा.

बनुबाई, यांच्यातलीच एक, दुसऱ्या दिवशी एवढंसं तोंड करून कूलरवरून परत आली. सुपरवायझर ओमनं तिला हटकलं होतं. "मावशी, तुमचं तिकडं केलंय ना आता? साहेब बघत्यात."

म्हणजे अकरा वर्षं जे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ते समतेच्या प्रशिक्षणानं सव्वा महिन्यात करून दाखवलं. बायांचं पाणी वेगळं झालं. तेही संडासाच्या भिंतीला.

लंकाबाई ते परिपत्रक घेऊन माझ्याकडे आली. मी नववी नापास माणूस. कायदा मी लोकांच्या अर्जांच्या झेरॉक्स काढता काढता शिकलोय आणि तेवढ्यावर तालुक्यातल्या तीन साहेबांची झोप उडवलीय. परिपत्रक वाचून माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो, शटर अर्धं ओढलं आणि सुरू झालो. म्हटलं, गेटवर मोर्चा काढू, पत्रकार बोलावतो, आपल्या माणसांनी पाण्यासाठी तळ्यावर जाऊन...

"तू व्हतास का तळ्यावर?" लंकाबाई म्हणाली.

"मी कसा असेन, मावशी?"

"मग कूलरचं बोल."

तिनं काउंटर पुसायला घेतला. पुसलेलाच परत पुसला. "चौदा बाया हायेत. मार्चला ठेका संपतोय. तुझी घोषणा संपली की तू दुकान उघडशील. बनूनं कुठं जायाचं?" आणि मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पेल्यानं केलं रं हे. त्या बाईनं इचारलं तवा सांगाया पाहिजे हुतं. आईचं नाव काढून सांगाया पाहिजे हुतं. मी म्हनलं, सवय हाय."

"तुझा काय दोष? त्या येड्या बाईला..."

"दोष कुनाचा बी आसंल. कूलर गेला ना?"

त्यानंतरचे पंधरा दिवस ती रोज यायची. झोप लागत नाही म्हणायची. पहाटे उठून पेला घासायची, घासलेला परत घासायची. कामावर ती त्या जांभळट खोलीत गेली नाही आणि कूलरवरही गेली नाही. घरून बाटली न्यायची, ती दुपारीच संपायची. संध्याकाळी ओठ फुटलेले असायचे. बाकीच्या बायांनी मात्र हळूहळू नवे ग्लास वापरायला घेतले. बनुबाई म्हणाली, "नाव तरी घातलंय आक्का. आजवर कुनी घातलं का?" यावर लंकाबाईला उत्तर सुचलं नाही आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. आणखी महिनाभर गेला असता तर ते वेगळं पाणी बायांच्या अंगवळणी पडलं असतं. मग कुणाला काढायला सांगणार?

रेश्मा मॅडमना मी फोन केला आणि जे बोललो ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्कूटीवरून लंकाबाईच्या घरी आल्या. लंकाबाईनं त्यांना पेल्याची गोष्ट सांगितली, उभ्यानंच. मॅडमनी पेला उजेडात धरून नाव वाचलं आणि रडल्या. "मावशी, त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्या बाईनं इचारलं, पन थांबली कुठं?"

मॅडमनी ब्लेडनं शिल्लक पुस्तिकांमधलं अकरावं पान कापून काढलं. एकटीनं, तीनशे प्रती. तेवढं त्यांच्या हातात होतं. परिपत्रक कुलसचिवांच्या सहीचं, ते त्यांना फाडता येईना. उलट कुलसचिवांनी ठरवलं, समिती येईल त्या दिवशी सन्मान कक्षाचं उद्घाटन लंकाबाईच्याच हस्ते. ओम सांगायला आला. "मावशी, फीत तुमीच कापायची. मार्चचं बी मग बघता येतं."

मला वाटलं, आता ही नाही म्हणेल. ही म्हणाली, "कापते."

मी इतका संतापलो की तिच्याशी चार दिवस बोललो नाही.

समिती आली त्या सकाळी ती सात वाजता दुकानात आली. इस्त्रीची साडी. पिशवीतून पेला काढून काउंटरवर ठेवला. "हा ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. पिशवीत आसला तर हात जाईल." एवढं बोलून ती टमटममध्ये बसली. मी मागून मोटारसायकलनं गेलो. वॉचमननं मला गेटातून आत सोडलं नाही, त्याच्याकडे माझा फोटो आहे. तीन तास मी त्या गेटसमोर येरझारा घातल्या, पेला शबनममध्ये, आणि आत काय चाललंय याचा पत्ता नाही. म्हणून पुढचं बनुबाईच्या तोंडचं आहे.

फीत लावलेली. समितीचे तीन जण, कुलसचिव, फोटोवाला. लंकाबाईच्या हातात कात्री दिली. ती म्हणाली, "कापते. पन आधी पानी पिते. तोंड कोरडं पडलंय."

कुलसचिव हसून म्हणाले, "अहो, आतच आहे की पाणी! फीत कापा आणि पहिला ग्लास तुमचाच."

"न्हाई साहेब, माझं पानी तिकडं हाय." आणि कात्री हातात घेऊन ती चालू लागली. लांबलचक व्हरांडा. समितीतल्या एका बाईंना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्या मागून निघाल्या, म्हणून सगळेच निघाले. लंकाबाई ग्रंथालयासमोर थांबली. कात्री कूलरवर ठेवली. हात पिशवीकडे गेला, बनुबाईनं पाहिलं, आणि तिथून परत आला. तिनं साखळीचा ग्लास धरला. साखळी आखूड आहे, तिथं कुणालाही वाकूनच प्यावं लागतं. ती वाकली, ग्लास ओठांना लावला आणि प्यायली. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, शंभर लोकांच्या तोंडाचा ग्लास. बनुबाई म्हणाली, "दात वाजत हुते तिचे ग्लासावर. आमाला ऐकू येत हुतं."

मग ती बाजूला झाली आणि बनुबाईकडे बघितलं. बनुबाई पुढे झाली. मग बाकीच्या, एकेक.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "या रोज इथूनच पाणी घेतात का?"

कुलसचिव म्हणाले, "हो, हो, अर्थात. इथे सगळं खुलं आहे."

"ऐकलं का गं," लंकाबाई बायांना म्हणाली, "साहेबांनी सगळ्यांम्होरं सांगितलंय." कात्री तिनं कुलसचिवांच्या हातात दिली आणि बादली उचलली.

फीत कुणीच कापली नाही. परिपत्रक दोन दिवसांनी मागं घेतलं. त्या खोलीत फिनेल परत आलं. मार्चला ठेका वाढला, चौदाही जणींचा. ती बातमी मी दुकानात मोठ्यानं वाचली, पेढे आणले, पेला तिच्यापुढे ठेवला. तिनं पेढा घेतला. पेला उचलला नाही. माठाकडे गेली आणि माझ्या प्लास्टिकच्या ग्लासानं प्यायली. तोंड वाकडं करून.

हे इथं संपायला हवं होतं. पण पुढच्याच आठवड्यात कूलरवरचा साखळीचा ग्लास गेला. त्याच्या जागी कागदी कप आले, एकदा वापरून टाकायचे. लंकाबाईनं ओमला विचारलं. ओम म्हणाला, "हायजीन, मावशी. वरून आलंय."

"आकरा वर्स हायजीन न्हवतं का?"

ओमनं कपांचं नवं खोकं फोडलं.

आता दिवसाला पाचशे कप फरशीवर पडतात. ते उचलतात याच बाया.

काल ती आली, स्टूल ढकललं, म्हणाली, "अर्ज लिही. एकच मागनी. साखळीचा ग्लास परत लावा."

मी म्हटलं, "मावशी, साहेब हसतील. एवढ्याशा ग्लाससाठी अर्ज?"

"हसू दे. शिक्का मारून पोच घे."

आज सकाळी मी पोच घेतली. या वेळी वॉचमननं आत सोडलं. आवक-जावकचा क्लार्क खरंच हसला. येताना मी ग्रंथालयासमोरून आलो. कपांचा ढीग होता, आणि कूलरला साखळी तेवढी लटकत होती. ती काढायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी लंकाबाईला फोन करून तेवढं सांगितलं.

"आसू दे," ती म्हणाली. मागं झाडूचा आवाज येत होता. "कुनाला काढू देऊ नगंस."