साताऱ्याहून आणलेला नवा बोर्ड

चहा ओता, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून नंतर तुम्हाला माझी कीव येईल. आयुष्यात पुष्कळ गाढवपणा केला, पण याला तोड नाही. खरं तर सांगायचाही कंटाळा आलाय. दादा गेल्यापासून सगळ्याचाच कंटाळा येतो. पण पोटात ठेवलं तर पोट फुगतं, म्हणून सांगतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. शिकलेला होता. कराडात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवून लग्नपत्रिका, हँडबिलं जुळवून छापखान्याला द्यायचा. आणि मी? सातवी नापास. नाक्यावरच्या गॅरेजात ट्रॅक्टर खोलतो. त्याचा हात कीबोर्डवर, माझा ग्रीसमध्ये.

तो गेल्यावर वहिनीनं ते काम हातात घेतलं. तिला सगळं यायचं. पण मशीन! जुनं फोर-एटी-सिक्स. पत्रिका उघडली की गणपतीचं चित्र मुकुटापासून उमटायला लागायचं. सोंडेपर्यंत यायला एक चहा, उंदरापर्यंत यायला दुसरा. छापखान्याचा मालक म्हणाला, "लग्नसराईच्या आत मशीन पळायला लागलं तर काम तुमचं. न्हाईतर मला दुसरं बघाय लागंल." त्याच आठवड्यात पाटणहून वहिनीच्या भावाचा निरोप आला. रविवारी न्यायला येतो. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं.

घरात उरणार मी आणि आई. आई तर तेव्हा दिवसभर भिंतीकडे बघत बसायची, बोलायची नाही. वहिनी गेली असती तर दादाबद्दल बोलायला मला माणूसच उरलं नसतं. तुम्हीच सांगा, ट्रॅक्टरशी किती बोलणार?

मी ठरवलं, काहीही करून मशीन पळवायचं.

वहिनी म्हणाली, "भावजी, हे म्हणायचे, नुसता मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलला की झालं. बाकी सगळं तेच चालतंय. शुक्रवारी सांगलीला जाऊ. मी पण येते, नीट बघून घेऊ."

शुक्रवारी! त्या दिवशी होता सोमवार. माझ्याच्यानं कुठं दम निघतोय?

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. गॅरेजात पार्ट घासला की आम्ही काय करतो? काढायचा, फडक्यात गुंडाळायचा, दुकानाच्या काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, 'असाच द्या.' तोंडानं वर्णन केलं की फसलात. सॅम्पल समोर असलं की भांडण नाही. तेव्हा मी हिशेब मांडला: कॉम्प्युटर चार वर्षं चाललाय, म्हणजे आतला माल घासलाय. तसाच नवा घातला की परत ओढ येणार. आहे काय त्यात!

मंगळवारी वहिनी आईला दवाखान्यात घेऊन गेली. मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, बोर्ड काढला. प्रोसेसरची चिप त्याच्यावरच बसलेली होती. दोन्ही तसंच गोणपाटात गुंडाळलं आणि सांगलीची एसटी पकडली.

सांगलीच्या दुकानात शेठ माझ्याच वयाचा. मी गोणपाट काउंटरवर सोडलं.

"असाच पायजे. वरच्या चिपसकट. सेम टू सेम."

त्यानं बोर्ड उलटा केला, सुलटा केला. "आवं, ह्यो लय जुना झाला. आता नवी पेंटियम चिप घ्या. त्याला बोर्ड पण येगळा लागतो."

मी मनात म्हटलं, आलं मूळपदावर! जगातला प्रत्येक पार्टवाला हेच म्हणतो. जुना यायचा बंद झाला, नवा घ्या.

"शेठ, मी मागतोय तेवढं द्या."

"पण तुमाला करायचंय काय नक्की?"

"मशीन पळवायचंय."

"मग असल्यानंच कसं पळंल?"

"नवा असल्यावर पळंल की!"

शेठनं कपाळाला हात लावला. मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. शेवटी तो म्हणाला, "बरं गड्या, सॅम्पल ठेवून जा. जुनं सामान ठेवणारा एक पावना हाय आमचा, त्याला इचारतो. चार दिसांनी या."

जिंकलो! असं मला वाटलं.

पण चार दिवस म्हणजे शनिवार, आणि रविवारी पाहुणे दारात. बुधवारी गॅरेजात माझा पानाच धड बसेना. दुपारी हात पुसले आणि उलट्या दिशेची एसटी पकडली. सांगली झाली होती, सातारा उरला होता.

साताऱ्यात दोन दुकानांत हाकलून दिलं. तिसऱ्या दुकानात जुने कॉम्प्युटर रचून ठेवलेले. गल्ल्यावर मालकाचे वडील बसलेले, धोतर, टोपी, डुलक्या चाललेल्या. आणि काउंटरवर वर्तमानपत्रावर काय ठेवलं असेल? माझ्या सॅम्पलचा जुळा भाऊ! तोच हिरवा रंग, तीच चिप, सगळं हुबेहूब. मला तर रडूच यायला लागलं.

"बाबा, ह्यो इकायचा हाय का?"

"सकाळच्या पार्सलनं आलाय बघ. पोरगं जेवाय गेलंय, त्याला इचार."

"कवा येणार?"

"जेवला की जरा पडतो त्यो."

आता आली का पंचाईत? मी इकडं तिकडं बघितलं आणि म्हातारबाबांच्या वर्मावर बोट ठेवलं. "बाबा, दुकान तुमचं का पोराचं?"

"माझं हाय रं! हितं रेडिओ दुरुस्त करायचो मी, तवा ह्यो पोरगा चड्डीत फिरत हुता."

"मग तुमाला एक पार्ट इकायचा अधिकार न्हाई व्हय?"

बाबांची मिशी ताठ झाली. त्यांनी स्वतः बोर्ड कागदात बांधला, वर सुतळीची गाठ मारली. बांधताना मला दिसलं, बोर्डाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. मी आणखीच गहिवरलो. म्हटलं, बघा ही साताऱ्याची माणसं! दुसऱ्याला विकायचा माल, पण पूजा करून विकतात. अशा देवमाणसाशी घासाघीस कसली करायची? मागितले तेवढे पैसे दिले आणि पायाही पडलो.

घरी आलो तर वहिनी दारातच. "भावजी, आत्ता बघितलं, डबा रिकामा हाय! मला वाटलं, चोरी झाली!"

"चोरी न्हाई वहिनी. नवा आणलाय."

ती काही विचारणार तेवढ्यात मी बोर्ड बसवूनही टाकला. शेवटी मेकॅनिक आहे मी. स्क्रू आवळले, वायरी खोचल्या, बटण दाबलं. सुरू झालं! पत्रिका उघडली. मुकुट आला... कपाळ आलं... आम्ही बसलो... सोंड यायला लागली.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

"नवा हाय ना," मी म्हणालो. "रनिंग-इन व्हायला पायजे. नवीन इंजिनाला पण पहिल्यांदा दमानंच घेत्यात."

वहिनी उठली. बटण बंद केलं, पेचकस घेतला, डबा उघडला आणि वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"भावजी, ह्या बोर्डाला हळद कशी?"

"ती साताऱ्याच्या बाबांनी लावलीय. लय धार्मिक माणूस."

"आणि आपल्या बोर्डाला खंडेनवमीला हळद कुणी लावली हुती? हे नको नको म्हणत असताना, डबा उघडून?"

मी बोटावरचं ग्रीस पुसायला लागलो.

"कुणी लावली हुती?"

"मी."

तरीही मी हरलो नव्हतो बरं का! म्हटलं, आपला बोर्ड तर सांगलीत आहे, फोन करून खात्री करतो. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो, वहिनी माझ्या मागं.

फोनवर शेठ आधीच घाबराघुबरा. "बरं झालं तुमीच फोन केला. लय वाईट झालं बघा. तुमचा बोर्ड मी रातच्या एसटीनं साताऱ्याला पावन्याकडं धाडला, जोड बघाय म्हणून. तिथं त्याच्या बापाला गंडवून कोणतरी येडा घेऊन गेला!"

"येडा?" मी विचारलं.

"पार येडा! म्हाताऱ्याच्या पाया पडला म्हणं. हाताला निस्तं ग्रीस. तुमच्याकडं आला तर ध्यान ठेवा."

"ठेवतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

वहिनीनं ते सगळं ऐकलं होतं. शेठचा आवाज बूथच्या काचेबाहेर जात होता. ती घरी येईपर्यंत तोंडाला पदर लावून चालली, आणि उंबरा ओलांडल्यावर जी हसायला लागली ती थांबेचना. भिंतीला धरून हसली, खाली बसून हसली. दादा गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. आईनं भिंतीवरची नजर काढून आमच्याकडं वळवली. मग वहिनीचं हसणं कधी रडण्यात गेलं ते तिलाही कळलं नाही. मीही बसलो शेजारी. दादा असता तर त्यानं हा किस्सा सगळ्या कराडला सांगितला असता. तो नाही, म्हणून मला स्वतःलाच सांगावा लागतोय.

शुक्रवारी वहिनी ठरल्याप्रमाणे सांगलीला गेली. मला दुकानाबाहेर उभं केलं, आत पाऊल टाकायचं नाही अशी सक्त ताकीद. अर्ध्या तासात ती पेंटियम आणि त्याला बसणारा बोर्ड घेऊन बाहेर आली. संध्याकाळी पत्रिका उघडली तर मुकुटापासून उंदरापर्यंत गणपती एका दमात हजर! छापखान्यातून काम आलं. मी निर्धास्त झालो. म्हटलं, आता कोण नेतंय वहिनीला?

रविवारी तिचा थोरला भाऊ आला. त्याला ती अण्णा म्हणते. जीपच घेऊन आलेला. चहा प्याला, मशीन बघितलं, खूश झाला.

"झ्याक झालं की! ह्ये पण जीपमध्ये घालू. पत्रिका काय, पाटणात बी लागत्यातच."

एवढी धावाधाव केली, पण मशीन जीपमध्ये मावतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! मी आईकडं बघितलं, आईनं वहिनीकडं बघितलं.

वहिनी शांतपणे म्हणाली, "अण्णा, मी न्हाई येत."

"का गं?"

"ह्या माणसाला कुणाच्या भरवशावर सोडू?" आणि तिनं सांगली, सातारा, म्हातारबाबा, हळद, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. "आज सवताच्या घरातला बोर्ड इकत आणला. उद्या घराचं दार उचकटून बाजारात नेईल आणि म्हणंल, असंच दुसरं द्या."

अण्णा माझ्याकडं वळला. "खरं हाय व्हय रं ह्ये?"

"खरं हाय."

"पाया पण पडलास?"

"पडलो."

अण्णानं कप खाली ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गॅरेजात जुना ट्रॅक्टर आला की मी बघतो ना, अगदी तसं.

"ऱ्हा ताई तू हितंच," तो म्हणाला. "ह्याला एकट्याला सोडलं तर पाप लागंल."

आईनंही मान हलवली. शाळेत तीन मास्तर होते, पण माझ्याबद्दल त्यांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.