आमच्याच चटईवर

फेल्डहोवनच्या मराठी मंडळींनो, आज दुपारचं इथे ग्रुपवरच लिहितोय.

मेलबर्नहून इथे नेदरलँड्सला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली, तरी तुमच्यासाठी आम्ही अजून 'ऑस्ट्रेलियावाले'च. आज शनिवार, ग्रुपवर कुणाचाच काही बेत दिसेना, म्हणून बायको, लेक आणि मी, आम्ही तिघंच डेल्फ्ट शहर बघायला गेलो.

तर तिथे कालव्याकाठच्या हिरवळीवर तुमच्यातली चार कुटुंबं बसलेली. मध्ये थालीपिठांचे डबे आणि खाली आमची निळी चटई. परवा "घरी पाहुणे येतायत" म्हणून आमच्याकडून मागून नेलेली, तीच.

"अय्या, तुम्ही इकडे कुठे?" एक वहिनी म्हणाल्या. "आमचं अगदी आयत्या वेळी ठरलं हो!"

"बसा" असं मात्र कुणीच म्हणालं नाही.

आमच्या पाच वर्षांच्या लेकीने चटई ओळखली. बूट काढून ती सरळ तुमच्या मधोमध जाऊन बसली. तुम्ही एकमेकांकडे बघितलंत. मी तिला उचलून स्टेशनवर आणलं.

ट्रेनमध्ये ती एकच विचारत होती, "बाबा, चटई आपली होती ना? मग आपण का उठलो?"

चटई राहू दे तुमच्याकडेच. लेकीला काय सांगू, तेवढं कळवा.