पत्रातला तांदळाचा दाणा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवलं. परक्याने फसवलं असतं तर मी त्याला डिचोलीच्या भर बाजारात धरला असता. पण हे पडले जावई. जावयाला आमच्याकडे माशाची मोठी तुकडी वाढतात, उलट बोलत नाहीत. म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. आता लिहितो.

गोवा घटकराज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. डिचोलीत माझी लाँड्री होती. खाणीच्या लाल धुळीने गिऱ्हाईक कधी कमी पडू दिलं नाही. जागा, कोळसा, इस्त्र्या, सगळं घासाघीस करून मिळवलेलं. बापाकडून आला तो फक्त राग. भाषेचा वाद तापलेला होता. माणूस कामाला ठेवताना लोक आधी विचारायचे, मराठीवाला की कोंकणीवाला? मला दोन्ही भाषांतले लबाड माहीत होते. मला हवा होता दुसऱ्याच्या खिशाचा मान राखणारा माणूस. कपडे भिजवण्याआधी खिसे रिकामे करावे लागतात, आणि खिशात लोक काय वाट्टेल ते विसरतात: अंगाऱ्याच्या पुड्या, औषधाच्या चिठ्ठ्या, प्रेमपत्रं. इस्त्री आठवड्यात शिकवता येते. तोंड बंद ठेवणं शिकवता येत नाही.

म्हणून मी परीक्षा काढली. एका शर्टाच्या खिशात खोटं प्रेमपत्र ठेवायचं आणि पत्राच्या घडीत तांदळाचा एक दाणा. उमेदवाराने पत्र आणून दिलं आणि दाणा आत असला की माणूस पसंत. पत्राचा मजकूर माझा, अक्षर बायकोचं. "लग्नाआधी मला असं एक तरी लिहायचं होतंत," ती म्हणाली. रविवारी जेवताना ही युक्ती मी भावोजींना ऐकवली. स्वतःच्या हुशारीची मिरवणूक काढायची मला खोडच होती.

"वा रे! माणूस ओळखावा तो तूच," भावोजी म्हणाले आणि भात मागून घेतला.

पहिली आली ती पेडण्याची एक बाई, दोन बस बदलून. नवऱ्याचं खाणीवरचं काम सुटलेलं, घर तिच्यावर. तिने पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी तो दाणाही ठेवला.

"उघडलंस?"

"उघडलंय. कोणाचा ता बघूक नको? भलत्याच्या हातात पडला तर?"

"आणि वाचलंस?"

"वरचा नाव बघलंय आणि मिटलंय. ह्यो दाणो आत होतो. तुमचोच मां?"

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती हसली. माझं डोकं फिरलं. खिशातली पत्रं उघडणारी बाई मला नको, असं ओरडून मी तिला घालवलं.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी पाठवलेला माणूस आला. देवळाच्या कमिटीत भावोजींना निवडून यायचं होतं आणि याच्या चुलत्याच्या शब्दावर वाड्यावरची सगळी घरं मतं द्यायची, हे मला मागाहून कळलं. कपाळाला गंध, मान खाली. पत्र आणलं, दाणा आत. मी त्याला ठेवलं.

तीन महिन्यांनी मुळगावचा एक कारकून हातात पत्र घेऊन दुकानात शिरला. पत्र त्याच्या ठरलेल्या बायकोचं, आमच्याकडून धुतल्या शर्टाबरोबर परत गेलेलं.

"यात तांदूळ कसला हो? आमचं लग्न तुम्ही इथेच लावून टाकलंत की काय?"

मी खिशांतल्या वस्तूंचा डबा उघडला. सात कागद होते, सातही घड्यांत एकेक दाणा. विजेच्या बिलातसुद्धा.

"मालक, दाणा आत असला की तुम्ही काही बोलत नाही, हे तुमच्या भावोजींनीच सांगितलं," भावोजींचा तो माणूस म्हणाला. "मी एकदाही विसरलो नाही!"

कारकुनाच्या पत्रात मुलीने लिहिलं होतं की लग्नानंतर सासूपासून वेगळं राहू. ते या माणसाच्या तोंडून चहाच्या दुकानात आणि तिथून सासूपर्यंत आधीच पोचलं होतं. लग्न मोडलं. मी त्या गंधवाल्याला हाकललं, पण त्यानंतर लोक माझ्या दारात उभे राहून, मला दाखवून, खिसे उलटे करून झटकायचे.

मी पेडण्याला गेलो. तिच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, चूक कबूल केली, पगार वाढवून देतो म्हटलं. बाईने पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

"तुम्ही आरडलात ता ह्या गावात पोचलाहा. लोक म्हणतत, हिने खिशात हात घातल्यान. माका आता कोण घरात कामाक घेयना. तुम्ही एकट्यान सांगून लोक मानूचे नायत. तुमच्या भावोजींनी हय येवन, चार लोकांत खरा सांगूक व्हया. मग येतंय."

मी भावोजींना सांगितलं. ते पान लावत म्हणाले, "मी कोणाच्या अंगणात जाऊन काय सांगू? तुला माणसं ओळखता येत नाहीत, त्याला मी काय करणार?"

ती बाई अजून त्याच घरात राहते. तिला परत कोणी कामावर घेतलं नाही. तर भावोजी, तिचं नाव घालवण्यात माझा वाटा किती ते मी तिच्या अंगणात उभं राहून सांगून आलो. तुमचा वाटा तुम्ही कधी सांगणार? मला नको, तिला सांगा. तिच्या शेजाऱ्यांना बोलवायचं काम माझं.