घळीतली गेरूची रेघ

उन्हाळा लागला की कानेझो मोमोसेचे हात लाल व्हायचे, ते पार पानगळीपर्यंत लालच राहायचे. कितामाता गावात याचं कुणाला काही वाटत नसे. उलट जुलै निम्मा सरला आणि त्याचे हात गोरे दिसले, तर लोकच विचारायचे, "काय हो, बरं नाही का?" मुलीच्या लग्नाच्या फोटोत हा गृहस्थ काळा कोट घालून, खांब गिळल्यासारखा ताठ बसलाय, आणि मांडीवर ठेवलेली दहाही बोटं अशी लालभडक, की नवऱ्याकडच्या एका आत्याबाईंनी हळूच चौकशी केली होती, "वडील रंगारी आहेत का?"

"रंगारी परवडला असता," कानेझोची बायको तोमिए म्हणाली होती. "निदान घराला एक हात तरी मारला असता."

तिचा राग रास्त होता. गेरू कापडाला लागला की जन्माचा सोबती. टॉवेल, उशांचे अभ्रे, मांजराची पाठ, काहीही त्यातून सुटलं नव्हतं. एकदा तर पाहुण्यांपुढे ठेवलेल्या मुळ्याच्या लोणच्यावर कानेझोच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला निघाला. तोमिएनं ती फोड तोंडात टाकली आणि पाहुण्यांशी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

हा सगळा गेरू जायचा डोंगरावर. शिराकोमा शिखराची गावाकडची वाट एका लांबलचक घळीतून चढते. हिवाळ्यात दोन्ही बाजूंचे कडे आपापलं बर्फ तिच्यात लोटतात, आणि ते दडपून दडपून असं घट्ट होतं, की भर उन्हाळ्यातही घळ पांढरीच राहते. त्यावर धुकं उतरलं की माणसाला स्वतःचे बूट दिसत नाहीत. उजवीकडे फार सरकावं तर वरून धोंडे येतात. डावीकडे जावं तर खडकाच्या उबेनं बर्फ आतून पोकळ झालेलं असतं आणि खाली ओढा वाहत असतो. म्हणून रोज भल्या पहाटे कुणीतरी घळ चढत जायचं आणि चढताना धडधाकट बर्फावरून गेरूची रेघ ओढायची. मग गिर्यारोहकांनी बुटांना लोखंडी काटे बांधावेत, मान खाली घालावी आणि रेघेमागून चालत सुटावं. रेघ दिवसभरात विरघळते, फिसकटते. दुसऱ्या दिवशी जुनी खरवडायची आणि नवी ओढायची, कारण कालची वाट आज असेलच असं नाही.

हे काम पूर्वी दोघं करत. पुढे गेनपेई, हातात बांबूची काठी, आणि मागे कानेझो, हातात तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला चहाचा डबा. गेनपेईनं काठी आपटायची. ठक् वाजलं की कानेझोनं डबा हलवायचा. डब् वाजलं की दोघांनी बाजूला सरकायचं आणि तिथून पुढे चूक कुणाची यावर भांडायचं. गेनपेईची घळीच्या तोंडाशी खोपटाएवढी खानावळ होती. तीन वर्षांपूर्वी तो गेला. डोंगरानं नेला नाही, पडशानं नेला, अंथरुणात. याचा त्याला स्वतःला फार अपमान वाटला असता.

खानावळ आता त्याची मुलगी साएको चालवते. नागोयातली बरी नोकरी सोडून ती आली, तेव्हा गावानं तिला वेड्यात काढलं होतं. ती बुटाचे काटे भाड्यानं देते आणि कुट्टूच्या पिठाच्या सोबा शेवया उकळते. आणि चढणाऱ्याला, उतरणाऱ्याला सारख्याच आवाजात "सांभाळून हं!" म्हणते. पलीकडच्या अंगानं शिखराखालपर्यंत तारेवरचे पाळणे झाले, तेव्हापासून या बाजूला येतात ते फक्त घळीसाठी. घळ बंद म्हणजे खानावळ बंद, हे तिलाही माहीत होतं आणि कानेझोलाही.

यंदाचं वर्षच मुळात बिघडलेलं उगवलं. शिराकोमाच्या छातीवरचं बर्फ वितळायला लागलं की काळा खडक उघडा पडतो आणि त्यातून घोडा दिसतो. मान, पाठ, चार पाय, सगळं जिथल्या तिथे. घोडा दिसला की भाताचे वाफे करायला घ्यायचे, ही गावाची रीत. कॅलेंडर भिंतीवर असतं, पण विश्वास घोड्यावर. यंदा घोडा आला तेव्हा लोकांनी बियाणंसुद्धा काढलं नव्हतं. बघता बघता त्याचं पोट सुटलं, त्याची म्हैस झाली आणि वाफे होईपर्यंत नुसताच काळा डोंगर उरला.

"घोडा पळाला," तोमिए दारातून म्हणाली. "आता तुम्ही घळीत काय शोधणार?"

"नाल," कानेझो म्हणाला आणि डबा घेऊन निघाला.

घळ किती दिवस उघडी ठेवायची यावर जुलैच्या शेवटी गावच्या कचेरीत बैठक झाली. निशिझावा नावाचे अधिकारी उडता कॅमेरा सोडून घळीची चित्रं काढून आले होते. चित्रं सुरेख होती. निशिझावा बिचारे प्रामाणिक. ते म्हणाले, "मोमोसेसान, वरून मला पांढरं दिसतं. खाली काय आहे ते तुमच्या काठीला कळणार. तुम्ही म्हणाल त्या दिवशी बंद करू." मग सगळ्यांनी आपापल्या चहाच्या पेल्यात पाहिलं. साएकोनंसुद्धा.

बाहेर आल्यावर तिनं त्याला गाठलं. "कानेकाका, ओबोनपर्यंत चालू राहील ना?"

ओबोन म्हणजे पितरांचा सण. ऑगस्टच्या मध्यावर सगळ्यांना सुट्ट्या, आणि घळीत मुंग्यांसारखी रांग.

"बघू."

"बघू म्हणजे हो ना?"

"बघू म्हणजे बघू. तुझा बाप असाच मानगुटीवर बसायचा."

"ओबोन झाला की मी स्वतः दाराला फळ्या ठोकते. तेवढे दिवस मिळाले तर हिवाळा निघेल, काका. नाहीतर मला परत जावं लागेल." ती हसत म्हणाली, पण हसू ओठांच्या वर चढलं नाही. "मग तुम्हाला शेवया कोण घालणार?"

गेनपेईच्या शेवटच्या दिवसांत कानेझोनं मित्राला "पोरीकडे बघीन" असं काही सांगितलं नव्हतं. असली वाक्यं दोघांनाही जमत नसत. त्यानं फक्त गेनपेईची काठी कोपऱ्यातून उचलून घरी नेली होती. गेनपेईनं ते पाहिलं होतं आणि डोळे मिटले होते. तेवढं पुरेसं होतं, आणि आता तेच जड झालं होतं.

ऑगस्ट उजाडला तशी रेघ वाकडी होऊ लागली. मधूनच डावीकडे वळायची, मग विचार बदलल्यासारखी उजवीकडे यायची. एका सकाळी तो रेघ ओढून उतरत असताना मात्सुमोतो शहरातल्या बायकांचा एक चमू वर चढत होता. सगळ्या निवृत्त, सगळ्या बडबड्या, गळ्यात अस्वलांना बुजवायच्या घंटा.

"आजोबा," त्यांतली सगळ्यात पुढची, पिवळ्या टोपीवाली ओरडली, "रेघ बघून वाटतंय काल जरा जास्त झाली!"

"जास्त होती म्हणून तर एवढी तरी सरळ आली," कानेझो म्हणाला. बायका खो खो हसल्या आणि घंटा वाजवत रेघेवरून पुढे गेल्या.

तो मात्र हसत नव्हता. वर, घळ जिथे अरुंद होते तिथे, त्या सकाळी काठी डब् वाजली होती. त्यानं हातभर सरकून आपटली. पुन्हा डब्. तिसऱ्यांदा त्यानं जरा जोरात, जरा तिरकी आपटली, आणि ती ठक् वाजली. निदान ठक् सारखं काहीतरी. त्यानं डबा हलवला. तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, की काठीही कंटाळून हो म्हणते. गेनपेई असता, तर दुसऱ्या डब्लाच त्यानं मागे वळून याची अक्कल काढली असती. पण पुढे चालायला आता कुणी नव्हतं. विचारणारा तोच आणि ऐकणारा तोच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो अरुंद जागी पोचला, तेव्हा रेघ संपली. त्याची स्वतःची रेघ, कालची, एका काठापाशी येऊन तुटली होती. पुढे घराएवढ्या रुंदीचा खड्डा होता. ओढ्यावर बर्फाचा जो साकव उभा होता तो बसला होता. खाली, काळ्या पाण्याच्या कडेला, बर्फाची एक भली मोठी लादी पडली होती. तिच्यावर गेरूची रेघ जशीच्या तशी होती आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना काट्यांच्या बुटांचे ठसे होते.

कानेझोनं हाका मारल्या. ओढा तेवढा बोलत होता.

तो खाली कसा आला हे त्याच्या गुडघ्यांनाच ठाऊक. खानावळीत साएको पाण्याच्या पातेल्याखाली जाळ घालत होती. त्याचा चेहरा बघून तिनं काही न विचारता फोन उचलला आणि घळीच्या माथ्यावरच्या निवाऱ्याला लावला. तिकडे कुणी तरी मोजत होतं, चुकत होतं, परत मोजत होतं. कानेझो दाराची चौकट धरून उभा राहिला. चौकटीवर त्याच्या बोटांचे लाल ठसे उठले.

"सगळ्या आहेत," साएको फोनवर हात ठेवून म्हणाली. "नाश्ता करतायत. पिवळ्या टोपीवाली विचारतेय, आजोबांची उतरली का."

कानेझो मटकन बाकावर बसला. साएकोनं फोनवर आणखी थोडं ऐकलं, त्यांना पलीकडच्या बाजूनं उतरायला सांगितलं आणि फोन ठेवला. मग हळू म्हणाली, "एक बाई म्हणतात, काल तिथून जाताना पायाखाली ढोल वाजल्यासारखं झालं. त्यांना गंमत वाटली."

साएकोनं उकळत्या पाण्यावरचं झाकण काढलं.

"कुणाला काही झालेलं नाही ना, काका," साएको म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "कड्याच्या अंगानं नवी रेघ... आठवडाच राहिलाय."

"साएको, काल काठी नको म्हणाली होती."

"म्हणजे?"

"दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. मला ओबोन ऐकू येत होता."

तिनं पातेल्याखालचा जाळ बारीक केला. पुन्हा मोठा केला. मुठीतल्या शेवया पाण्यात सोडल्या आणि पाठमोरीच म्हणाली, "माझ्यासाठी केलंत?"

"तुझ्यासाठी नाही. काठी मी आपटली."

"बाबांनी काय केलं असतं?"

"मला शिव्या दिल्या असत्या," कानेझो म्हणाला. "आणि मग घळ बंद केली असती."

तिनं वाडगं त्याच्यापुढे ठेवलं. वर कांद्याची पात नेहमीपेक्षा जास्त पडली होती. "खाऊन घ्या," ती म्हणाली. "मग करा काय ते."

त्यानं खाल्लं. थेंबभर पाणीसुद्धा वाडग्यात ठेवलं नाही. मग डबा उचलून तो घळीच्या तोंडाशी गेला. आयुष्यभर त्यानं रेघ ओढली ती खालून वर, आणि हात त्याच सवयीचे. पहिल्या दोन पावलांत डबा आपोआप डोंगराकडेच वळला. तो थांबला. अंग आडवं केलं आणि या कड्यापासून त्या कड्यापर्यंत, वाटेच्या तोंडावरून, खेकड्यासारखा चालत त्यानं गेरू भुरभुरवला. डबा रिकामा होईपर्यंत. रेघ चांगली जाड आली आणि अगदी सरळ. निशिझावांनी दुपारी येऊन तिथे दोरी बांधली, पाटी लावली आणि रेघ ओलांडू नये म्हणून उगाच लांबून फेरी मारून गेले.

ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी गावात दारोदारी भूर्जाची साल पेटली. पितरांना घराची वाट दिसावी म्हणून. साएकोनं आपली साल खानावळीच्या दारात पेटवली. खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्या होत्या, सामान पोत्यांत होतं. कानेझो आणि तोमिए तिच्याजवळ बसले होते. घळ करडी पडली होती. वर जागोजागी खड्डे पडून ओढ्याचं काळं पाणी दिसत होतं. फक्त तोंडावरची आडवी रेघ फिकट गुलाबी होऊन अजून टिकली होती.

"बाबा घळीतूनच येणार," साएको म्हणाली. "दुसरी वाट त्यांना कुठे माहितीय? आणि आपण तीच बंद करून बसलोय."

"येईल," कानेझो म्हणाला. "आता वजनाला हलका आहे तो."

साएको हसली. मग हसता हसता तिनं तोंड फिरवलं. तोमिएनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा पंजा ओढून जाळाच्या उजेडात धरला. नखांच्या कडासुद्धा स्वच्छ झाल्या होत्या.

"बघ गं," ती साएकोला म्हणाली, "कुणाचे तरी हात घेऊन आलेत."

साल तडतडली, धूर घळीकडे वळला. कानेझोनं हात परत घेतला नाही.