टेबलाच्या कडेचा खडू

सर वर्गात आले की आधी डस्टर टेबलाच्या मधोमध ठेवायचे. हे केंद्र. भोवती खडूचे तुकडे, ती राज्यं. मग त्यातला एक तुकडा बोटानं हळूहळू टेबलाच्या कडेपर्यंत न्यायचे आणि विचारायचे, "हे म्हणतंय, मी चाललो. जाऊ द्यायचं की धरायचं? बोला भिया." माळव्यात कुणालाही 'भिया' म्हणायची रीत, म्हणजे भाऊ.

मी मूळचा धारचा, देवासला सरांच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. वर्ग शेजारीच, त्यामुळे सरांचं राज्यशास्त्र मला फुकटात ऐकायला मिळे. असा एखादा शिक्षक तुमच्याही पाहण्यात असेल. विषय एकच, पण त्याला तो कधी कंटाळत नाही.

"आपल्या घटनेत बाहेर पडायचं दारच नाही," सर सांगायचे. "आणि कुणी पडलंच, तर नाणं कुणाचं, वीज कुणाची, हद्दीवर उभं कोण राहणार?"

"तरी निघालंच तर सर?" एका मुलीनं विचारलं.

"निघण्याआधी ते पुष्कळ दिवस कुरकुरतं. केंद्रानं तेव्हाच ऐकायचं. भाषा, पाणी, देता येईल ते द्यायचं. फौज पाठवून जमीन राहते, माणसं राहतीलच असं नाही."

संस्थानी काळात देवासमध्येच दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे. सर म्हणायचे, "वेगळं होण्यात आपला हात कोण धरणार?"

आमच्याकडच्या मराठी घरांचा सार्वजनिक गणपती एकच आणि सर त्याचे अध्यक्ष. समया, सतरंज्या, माइक ज्या खोलीत, तिची किल्ली त्यांच्या खिशात. एका वर्षी बैठकीत त्यांची मुलगी उठली. हिंदी शाळेत शिकलेली, नोकरीसाठी रोज इंदूरला जा-ये करणारी.

"आप्पा, पोरांना मराठी नाटक समजतच नाही. एक शाम हिंदीत करू द्या ना."

"मंडळ मराठी आहे."

"मग आम्ही कॉलनीत अलग बसवतो."

"बसवा. इथलं सामान मिळणार नाही."

जन्मभर परक्या सरकारांना शहाणपण शिकवलेल्या माणसानं पहिल्याच बैठकीत रसद तोडली. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

पोरांनी घराघरातून आरतीची ताटं गोळा केली आणि कॉलनीत गणपती बसवला. आमच्या मांडवात आरतीला आम्ही म्हातारे तेवढे उरलो. दिव्यांची माळ बंद पडली, ती कुणाला लावता येईना. सरांच्या घरी बापलेक एकाच टेबलावर जेवत, पण मीठ हवं असलं तर आईमार्फत मागत. सर वाळल्यासारखे दिसू लागले.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी न राहवून मी म्हणालो, "सर, खडू पडला."

"पडला नाही हो," ते म्हणाले. "मीच ढकलला."

मग उठले, खोली उघडली आणि दोन समया बाहेर काढल्या. माझ्या स्कूटरवर त्या मांडीत धरून बसले. कॉलनीतल्या मांडवात आरती चालली होती. शब्द निम्मे चुकत होते, पण आवाज मोठा होता. सर बाहेरच थांबले. आरती संपल्यावर मुलीनं पाहिलं.

"येऊ का आत?" सरांनी विचारलं.

"आप्पा, तुमची खुर्ची पहिल्या दिवसापासून ठेवलीय. रोज पुसते मी."

सर खुर्चीत बसले. समया मात्र बराच वेळ हातातून सोडेनात.

दोन्ही गणपती पुढं वेगळेच राहिले, सामान मात्र दोन्हीकडे फिरू लागलं. आता सर नाहीत. त्यांचा आवाज कानी पडत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही. किल्ली त्यांच्या मुलीकडे असते.

यंदा कॉलनीतलीच काही पोरं तिच्याकडे आली. त्यांना पलीकडच्या गल्लीत आपला वेगळा गणपती बसवायचा होता. मी तिथंच चहा पीत होतो. तिचा चेहरा थेट बापासारखा झाला, आणि मला वाटलं, आता पुन्हा तीच बैठक होणार.

ती उठली. मग किल्ली काढून म्हणाली, "समया किती लागतील रे?"