शांत झालेला श्वास

दम्यासाठी डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांत माझ्या नऊ वर्षांच्या मुक्ताच्या छातीतली घरघर थांबली. एका दुपारी जेवताना ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून पाहत होती.

"आई, या बाई रोज का येतात?" तिने अगदी सहज विचारलं.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"क्वचित कुणाला या गोळीने भास होतात. आजची देऊ नका, तिला लगेच घेऊन या. श्वासाचा पंप मात्र चालू ठेवा," डॉक्टर म्हणाल्या.

औषध बदललं आणि भासही थांबले. श्वास सुरळीत झाला की आपण माणसाकडे बघायचं सोडतो. तिला काय दिसतंय, हे इतक्या दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं.